तक्ता कुठे तुटू द्यायचा: एचटीएमएलवरून पीडीएफ करताना पेज ब्रेकवर बिघडणाऱ्या अहवालाचे प्रकरण

यंत्रांच्या नियतकालिक तपासणीचा एक अहवाल हे या प्रकरणाचे मूळ आहे. तपासनीस वेब-अर्जात नोंदी भरतो, त्यांचा तक्ता पडद्यावर दिसतो आणि सर्व्हर तोच एचटीएमएल (वेबपानाची रचना सांगणाऱ्या खुणांचा) मजकूर पीडीएफमध्ये रूपांतरित करून देतो. ती पीडीएफ छापली जाते, तिच्यावर सह्या होतात आणि कागद फाइलला लागतात. पडद्यावर हा तक्ता निर्दोष दिसत असे, आणि एका पानात मावणारा लहान अहवालही नीट येत असे. अहवाल दुसऱ्या पानावर गेला की मात्र तक्रारी सुरू होत, आणि प्रत्येक तक्रार वेगळ्या दोषाची असे. त्या सगळ्या दोषांच्या मुळाशी एकच उणीव होती: हा तक्ता कुठे तुटलेला चालेल, हे रूपांतरकाला कुठेही सांगितलेले नव्हते.

तक्त्यात सहा कॉलम होते: अनुक्रमांक, यंत्र, भाग, मोजमाप, मान्य मर्यादा आणि शेरा. एका यंत्राचे पाचपासून चाळीसपर्यंत भाग तपासले जात, म्हणून यंत्राचे नाव एकदाच लिहून तो सेल रोस्पॅनने (एक सेल अनेक आडव्या रोंवर पसरवणाऱ्या सूचनेने) खालच्या सगळ्या रोंवर पसरवलेला होता. शेरा बहुधा एका ओळीचा असे. पण दोष आढळला की तपासनीस दोन-तीन परिच्छेद लिहीत आणि कधी छायाचित्रही जोडत. दोषांची एकूण संख्या आणि निष्कर्ष सांगणारी रो टीफूटमध्ये, म्हणजे तक्त्याच्या तळपट्टीत, होती. अरुंद पडद्यावर तक्ता आडवा सरकवता यावा म्हणून तो ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो (मावले नाही तर आडवी सरकपट्टी) असलेल्या एका डिव्हमध्ये, म्हणजे साध्या डब्यात, ठेवलेला होता आणि तो डिव्ह संपूर्ण पानाच्या फ्लेक्स (डबे लवचीकपणे शेजारीशेजारी बसवणाऱ्या) मांडणीत बसवलेला होता. रूपांतरणाचे काम डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ या साधनाकडे होते.

छापील प्रतीत दिसणारे दोष असे. काही पानांच्या तळाशी मजकुराची ओळ आडवी कापली जाई, अक्षरांचा वरचा भाग एका पानावर आणि खालचा पुढच्या पानावर. काही पानांवर तक्त्याचे हेडर पहिल्या रोवरच छापले जाई, त्यामुळे दोन्ही वाचता येत नसत. लांब यादी असलेल्या यंत्राचे नाव पहिल्याच पानावर राही आणि पुढच्या पानांवर त्या कॉलममध्ये नुसती रिकामी पट्टी दिसे. एकूण संख्येची रो प्रत्येक पानाच्या तळाशी येई. कुठे अर्धे पान कोरे सुटे, तर कुठे तळाची रेघच नाहीशी होई. यांतले शेवटचे दोन दोष दिसण्यापुरते आहेत असे म्हणता येईल. पण कापलेले मोजमाप आणि नाव हरवलेले पान यांचा परिणाम त्यापलीकडे जातो. फाइलमधून मधलेच एखादे पान बाहेर काढून पाहणाऱ्याला ते मोजमाप कोणत्या यंत्राचे आहे हे कळत नसेल, तर त्या पानावरची सही कशाची साक्ष देते, हा प्रश्न गंभीर आहे.

पडद्यावरचा तक्ता आणि पानांवरचा तक्ता

ब्राउझरच्या दृष्टीने वेबपान म्हणजे हवी तेवढी वाढणारी एकच उभी पट्टी असते. कागदाचे तसे नसते. ए-फोर पानाची उंची २९७ मिलिमीटर. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत, एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल धरले जात असल्याने ती सुमारे ११२२ पिक्सेल होते, आणि वर-खाली २० मिलिमीटर समास सोडला की मजकुरासाठी साधारण ९७१ पिक्सेल उरतात. रूपांतरक आधी मांडणी करतो आणि प्रत्येक ९७१ पिक्सेलच्या आसपास तोडण्याजोगी जागा शोधतो. दोन परिच्छेदांच्या मध्ये, दोन रोंच्या मध्ये किंवा एकाच परिच्छेदातील दोन ओळींच्या मध्ये तोडता येते. एखाद्या घटकाच्या आत अशी जागाच नसेल तर सीएसएसच्या मानकाच्या भाषेत तो अखंड घटक ठरतो: चित्र, व्हिडिओ, सरकपट्टी असलेला डबा. असा घटक उरलेल्या जागेत मावला नाही तर तो पुढच्या पानावर ढकलला जातो, आणि तो एका पानापेक्षाच मोठा असेल तर पानाच्या कडेवर जिथे येईल तिथे कापला जातो. ओळी आडव्या कापल्या जात होत्या याचा अर्थ रूपांतरकाला तो भाग मजकूर म्हणून दिसतच नव्हता. एक अखंड ठोकळा म्हणून दिसत होता.

तक्त्यांबाबत मानकेही बराच काळ मोघम होती. २०११ साली शिफारस म्हणून प्रसिद्ध झालेल्या सीएसएस २.१ मध्ये पेज-ब्रेक-इनसाइड (घटकाच्या आत पान तुटावे का हे सांगणारी सूचना) आणि तिची भावंडे सामान्य प्रवाहातल्या ब्लॉक घटकांना लागू करणे बंधनकारक होते. तक्त्याच्या रोंना ती लागू करायची की नाही, हे मात्र रूपांतरकाच्या मर्जीवर सोडलेले होते. पुढे सीएसएस फ्रॅगमेंटेशन या स्वतंत्र विभागात ब्रेक-बिफोर, ब्रेक-आफ्टर आणि ब्रेक-इनसाइड हे गुणधर्म आले आणि त्यांत तक्त्याच्या रो व रोंचे गट यांचा स्पष्ट उल्लेख झाला. त्यामुळे एकच स्टाइलशीट (सीएसएस सूचनांची फाइल) एका रूपांतरकात चालते आणि दुसऱ्यात निष्प्रभ ठरते, हे या क्षेत्रात नेहमीचे आहे, आणि दोष शोधताना आपले साधन कोणत्या काळातले आहे हे सर्वांत आधी पाहावे लागते.

आधी केलेले उपाय

या अहवालावर आधीच दोन उपाय करून झालेले होते, आणि दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत, कारण बहुतेक ठिकाणी हेच केले जाते.

पहिला उपाय म्हणजे तक्ता, टीबॉडी (रोंचा गट), टीआर (रो), टीडी (सेल) अशा सगळ्यांना सरसकट पेज-ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड, म्हणजे 'आत तोडणे टाळा', लावणे. यात अव्हॉइड या मूल्याचा अर्थच चुकीचा धरला जातो. ती आज्ञा नसून विनंती असते. तोडण्याच्या पुरेशा जागा मिळत नसतील तर या विनंत्या बाजूला ठेवण्याची मुभा मानकानेच रूपांतरकाला दिलेली आहे, कारण मजकूर पानाबाहेर जाऊन हरवण्यापेक्षा तो नको त्या जागी तुटलेला बरा. संपूर्ण तक्त्यावर अव्हॉइड लावले की रूपांतरक आधी तो तक्ता अखंड ठेवता येतो का ते पाहतो, त्यासाठी त्याला नव्या पानावर ढकलतो (आधीच्या पानावर अर्धी जागा कोरी सुटते ती इथेच) आणि तिथेही तो मावत नाही हे दिसल्यावर शेवटी तोडतोच. सगळ्याच घटकांवर एकच विनंती असेल तर कोणती विनंती आधी मोडायची हे ठरवायला त्याच्याकडे आधार उरत नाही. सगळीकडे लावलेले अव्हॉइड आणि कुठेच न लावलेले अव्हॉइड यांत व्यवहारात फारसा फरक राहत नाही, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा उपाय संगणक-कार्यक्रमाच्या बाजूने केलेला होता. दर पंचवीस रोंनंतर तक्ता बंद करायचा, पेज ब्रेक घालायचा आणि हेडरसह नवा तक्ता सुरू करायचा. सगळ्या रो एका ओळीच्या असतील तर हे चालते. एखादा शेरा तीन ओळींचा झाला की पंचवीस रो पानात मावत नाहीत, उरलेल्या दोन रो पुढच्या पानावर एकट्या पडतात आणि त्यांच्या खाली सक्तीच्या पेज ब्रेकमुळे पान कोरे राहते. शिवाय कॉलमची रुंदी प्रत्येक तक्ता आपापल्या मजकुरावरून ठरवत असल्याने पानागणिक उभ्या रेघा इकडेतिकडे सरकलेल्या दिसतात. पान किती रोंनी भरेल हे मांडणी झाल्याशिवाय कळू शकत नाही; ते आधीच मोजून ठरवणारा कोणताही उपाय फॉन्ट, समास किंवा शेऱ्याची लांबी बदलताच कोसळतो.

साधन आणि वेष्टने

डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ हे साधन क्यूटी वेबकिट या जुन्या ब्राउझर-यंत्रणेवर उभे आहे. त्याची ०.१२.६ ही आवृत्ती २०२० मध्ये आली आणि प्रकल्पाचे कोड-भांडार २०२३ च्या सुरुवातीला केवळ वाचनासाठी खुले ठेवून बंद करण्यात आले. ब्रेक-इनसाइड हे नवे नाव त्याला कळत नाही, पेज-ब्रेक-इनसाइड हे जुने नाव कळते; आधुनिक फ्लेक्स मांडणी त्याला समजत नाही; आणि पुढच्या पानावर पुन्हा छापलेले हेडर पहिल्या रोवर चढण्याचा त्याचा दोष सर्वज्ञात आहे. टीआरला पेज-ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड आणि टीहेडला (तक्त्याच्या हेडरला) डिस्प्ले: टेबल-हेडर-ग्रुप दिल्यावर तो बहुतेक वेळा दबतो, पण खात्रीने जात नाही. जिथे साधन बदलणे शक्य नाही तिथे एवढी तरी तजवीज करावी. या प्रकरणात ते शक्य होते, म्हणून रूपांतरण हेडलेस (खिडकी न उघडता चालणाऱ्या) क्रोमियम ब्राउझरकडे, त्याला चालवणाऱ्या पपेटीअर या साधनामार्फत, नेण्यात आले.

तिथेही आवृत्ती महत्त्वाची आहे. क्रोमियमची जुनी मांडणी-यंत्रणा फ्लेक्स आणि ग्रिड (चौकटींची जाळी) या मांडण्यांच्या आतला मजकूर पानांवर नीट तोडू शकत नसे. २०२२ च्या अखेरीस आलेल्या क्रोम १०८ पासून छपाईचे काम नव्या मांडणी-यंत्रणेकडे गेले आणि ब्रेक गुणधर्मांचे अव्हॉइड हे मूल्य छपाईत व्यवस्थित पाळले जाऊ लागले. सर्व्हरवरच्या कंटेनरमध्ये (कार्यक्रम आणि त्याची साधने एकत्र बांधलेल्या संचात) त्याआधीची प्रत पडून असेल, तर विकासकाच्या संगणकावर बरोबर दिसणारा अहवाल सर्व्हरवर बिघडतो आणि दोष नेमका कुठे आहे हे शोधण्यात पुष्कळ वेळ जातो.

साधन बदलल्यावर हेडर रोवर चढणे थांबले, बाकीचे दोष राहिले. पुढची पायरी वेष्टने काढण्याची होती. छपाईच्या मीडिया नियमात (फक्त छापताना लागू होणाऱ्या सीएसएस भागात) तक्त्याच्या सगळ्या पूर्वज घटकांना, म्हणजे तो ज्या डब्यांच्या आत आहे त्यांना, डिस्प्ले: ब्लॉक, ओव्हरफ्लो: व्हिजिबल, फ्लोट: नन आणि हाइट: ऑटो देण्यात आले. पडद्यासाठी सोयीची असलेली आडवी सरकपट्टी कागदावर निरुपयोगी असते, कारण कागद सरकत नाही. उजवीकडचे कॉलम नुसतेच कापले जातात. पडद्यावर वर चिकटून राहणारे हेडर पोझिशन: स्टिकीने केलेले होते, तेही छपाईपुरते स्टॅटिक करण्यात आले. या एका बदलाने ओळी आडव्या कापल्या जाणे पूर्ण थांबले. तक्त्यावर एकही ब्रेक गुणधर्म लिहिण्याआधी त्याच्या वरचे डबे तपासावेत, ते यासाठी.

रोस्पॅनचा प्रश्न

सर्वांत जास्त विचार रोस्पॅनवर करावा लागला, आणि तो सीएसएसने सुटणारा नव्हता. चाळीस रोंवर पसरलेला सेल पानाच्या कडेवर दोन भागांत विभागला जातो. त्यातला मजकूर एकदाच असल्याने तो एकाच भागात दिसतो. नाव सेलच्या उभ्या मध्यावर ठेवलेले असल्यास परिस्थिती आणखी वाईट होते, कारण मग ते कोणत्या पानावर पडेल हे यादीच्या लांबीवर अवलंबून राहते. अशा सेलवर ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड लावणे म्हणजे चाळीसही रो एकत्र ठेवण्याची मागणी करणे, आणि ती पूर्ण होणार नाही हे उघड आहे.

तीन पर्याय समोर होते. यंत्राचे नाव प्रत्येक रोमध्ये लिहिणे हा सर्वांत साधा. त्यात माहिती कधीच हरवत नाही, पण आधीच अरुंद असलेल्या कॉलममध्ये तेच लांब नाव चाळीस वेळा आल्याने तक्ता वाचणे कष्टाचे होते आणि नाव दोन ओळींत मोडले की प्रत्येक रोची उंची दुप्पट होते. दुसरा पर्याय प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र टीबॉडी करून त्याच्या सुरुवातीला सगळ्या कॉलमवर पसरलेली नावाची रो देण्याचा. एचटीएमएलमध्ये एका तक्त्यात हवे तितके टीबॉडी चालतात, आणि अशा नावाच्या रोला ब्रेक-आफ्टर: अव्हॉइड दिले की ती पानाच्या तळाशी एकटी राहत नाही. रचना म्हणून हा पर्याय मला सर्वांत स्वच्छ वाटतो. त्याची मर्यादा एवढीच की टीबॉडीमधली रो पुढच्या पानावर पुन्हा छापली जात नाही; पानाच्या वर पुन्हा छापण्याची सोय फक्त टीहेडला आहे. ज्या अहवालात एकेक गट पाच-दहा रोंचा असतो तिथे हाच पर्याय निवडावा.

इथे गट अनेक पानांवर पसरत असल्याने तिसरा पर्याय घेण्यात आला: प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र तक्ता, आणि त्याच्या टीहेडमध्ये दोन रो. पहिल्या रोमध्ये यंत्राचे नाव सगळ्या कॉलमवर पसरलेले, दुसरीत कॉलमची शीर्षके. टीहेड प्रत्येक पानावर पुन्हा येत असल्यामुळे यंत्राचे नावही आपोआप प्रत्येक पानावर येते. यंत्राचा कॉलम गेल्याने शेऱ्यासाठी रुंदी वाढली, हा न मागता झालेला लाभ. वेगवेगळ्या तक्त्यांचे कॉलम एका रेषेत राहावेत म्हणून सगळ्यांना टेबल-लेआउट: फिक्स्ड (मजकुरावर अवलंबून नसलेली रुंदी) आणि कोलग्रुपमधून (कॉलमच्या व्याख्येतून) त्याच टक्केवारीच्या रुंदी दिल्या. फिक्स्ड मांडणीत लांबलचक अनुक्रमांक शेजारच्या सेलवर सांडू शकतो, म्हणून सेलना ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर (शब्द कुठेही मोडण्याची मुभा) द्यावे लागले. लहान यंत्रांच्या बाबतीत एकाच पानावर शीर्षकांची रो दोन-तीनदा येते ही या पर्यायाची किंमत आहे. ती मान्य करावी असे माझे मत आहे: थोडी जागा जास्त गेली तरी प्रत्येक पान स्वतःपुरते पूर्ण राहते.

पुन्हा छापल्या जाणाऱ्या हेडरला उंचीचीही मर्यादा असते. सीएसएस टेबल्सच्या मसुद्यात हेडरच्या रोंसाठी पानाच्या उंचीच्या एक चतुर्थांशापर्यंतची मुभा आहे. आपल्या ९७१ पिक्सेलच्या हिशेबात ती सुमारे २४० पिक्सेल होते. त्याहून उंच हेडर पुन्हा छापले जाईल असे धरू नये. कोणी बोधचिन्ह, पत्ता आणि तपासणीचा सगळा तपशील टीहेडमध्ये कोंबतो आणि मग हेडर दुसऱ्या पानावर का येत नाही म्हणून विचारतो, त्याचे उत्तर अनेकदा इथे असते. असा तपशील पानाच्या समासात छापायच्या शीर्षपट्टीत जावा, आणि तिच्यासाठी वरचा समास पुरेसा ठेवावा. पपेटीअरची शीर्षपट्टी समासाच्या जागेतच काढली जाते आणि समास लहान असेल तर ती मजकुरावर चढते.

लांब शेरे, एकूण संख्या, रेघा

रचना बदलल्यावर ब्रेक गुणधर्म कुठे लावायचे ते सहज ठरले. सामान्य रोला ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड, आणि जुन्या साधनांसाठी सोबत जुने नावही. आधुनिक ब्राउझर जुन्या नावाला नव्याचेच दुसरे रूप मानतात, त्यामुळे दोन्ही लिहिल्याने काही बिघडत नाही. तक्त्यावर किंवा टीबॉडीवर अव्हॉइड नाही. सहा रोंपर्यंतचा लहान तक्ता हा एकच अपवाद, कारण तो अखंड ठेवण्यासाठी सोडावी लागणारी जागा थोडी असते. हेडरखालच्या पहिल्या रोला ब्रेक-आफ्टर: अव्हॉइड दिले, म्हणजे पानाच्या तळाशी हेडर आणि त्याखाली एकच रो असे चित्र दिसत नाही.

लांब शेऱ्यांचा विचार वेगळा करावा लागला. तीन परिच्छेद आणि छायाचित्र असलेली रो अर्ध्या पानाची होते; तिला अव्हॉइड दिले की आधीच्या पानाचा बराच भाग कोरा सुटतो, आणि ती पानापेक्षा मोठी झाली तर कोरी जागा सुटूनही ती तुटतेच. म्हणून मोजमापाच्या रोमध्ये फक्त दोषाचा थोडक्यात उल्लेख ठेवून सविस्तर शेरा त्याखालच्या स्वतंत्र, पूर्ण रुंदीच्या रोमध्ये नेण्यात आला. या रोला आतून तुटण्याची मुभा दिली, तिच्यातल्या परिच्छेदांना ऑर्फन्स आणि विडोज (पान तुटताना आधीच्या पानाच्या तळाशी आणि पुढच्या पानाच्या वर निदान किती ओळी राहाव्यात) ही दोन्ही मूल्ये तीन दिली आणि मोजमापाच्या रोला ब्रेक-आफ्टर: अव्हॉइड दिले, म्हणजे शेऱ्याची सुरुवात तरी मोजमापाला चिकटून राहते. न सांगता दोन्ही मूल्ये दोन असतात. सविस्तर मजकुरासाठी तीन अधिक बरी वाटतात. पूर्ण रुंदी मिळाल्याने पूर्वी अरुंद कॉलममध्ये वीस ओळी घेणारा शेरा सहा-सात ओळींत बसू लागला, आणि निम्मा प्रश्न तिथेच मिटला. छायाचित्रे अखंडच राहतात. त्यांची कमाल उंची मिलिमीटरमध्ये ठरवून दिली.

टीफूटचा उलगडा सोपा होता. टीहेडप्रमाणे टीफूटही प्रत्येक पानावर पुन्हा छापला जातो, आणि त्यात अंतिम संख्या असेल तर दुसऱ्या पानाच्या तळाशी आलेली ती संख्या वाचणाऱ्याला त्या पानापुरती वाटू शकते. अंतिम आकडा टीफूटमध्ये ठेवूच नये. इथे प्रत्येक यंत्राच्या तक्त्याची एकूण रो शेवटच्या दोन नोंदींसह एका वेगळ्या टीबॉडीमध्ये ठेवली आणि त्या टीबॉडीला ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड दिले. यामुळे एकूण संख्या नव्या पानावर एकटी पडत नाही. नव्या पानावर गेलीच तर तिच्यासोबत दोन नोंदी आणि वर हेडर असते.

रेघांचा दोष बॉर्डर-कोलॅप्स: कोलॅप्सचा होता. त्या पद्धतीत दोन रोंच्या मधली रेघ दोघींची सामाईक असते, आणि त्याच जागी पान तुटले की ती रेघ कोणत्या पानाची हे रूपांतरकाला ठरवावे लागते. कोलॅप्सऐवजी सेपरेट आणि शून्य बॉर्डर-स्पेसिंग घेऊन प्रत्येक सेलला स्वतःची खालची रेघ दिली की पानाची शेवटची रो आपली रेघ सोबत आणते आणि पुढच्या पानावर हेडरची रेघ वरून बंद करते. बाकी काही करावे लागले नाही.

अशा तक्त्याऐवजी डिव्ह आणि ग्रिड वापरून सगळे पुन्हा बांधावे, अशी सूचनाही आली होती. ती स्वीकारली नाही हे योग्यच झाले. हेडर पुन्हा छापण्याची सोय खऱ्या तक्त्यालाच मिळते. शिवाय २०२० मधील क्रोम ८५ पासून पीडीएफमध्ये रचनेच्या खुणाही उतरतात, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला हा सेल कोणत्या शीर्षकाखालचा आहे हे कळणे त्या खुणांवर अवलंबून असते. डिव्हच्या ढिगातून ते कळत नाही.

फॉन्ट आणि चित्रे

एवढे झाल्यावरही तोच अहवाल कधी अकरा पानांचा तर कधी बारा पानांचा निघे. कारण मांडणीत नव्हते. वेबफॉन्ट पोहोचण्याआधी पीडीएफ काढली गेली तर पर्यायी फॉन्टच्या मापाने ओळी मोडल्या जातात, रोंची उंची बदलते आणि पुढचा प्रत्येक पेज ब्रेक सरकतो. देवनागरीसारख्या, वर-खाली मात्रा असलेल्या लिपीत दोन फॉन्टांच्या ओळीची उंची लक्षणीय वेगळी असू शकते, त्यामुळे हा फरक अधिक जाणवतो. फॉन्ट फाइल अहवालासोबतच ठेवून डॉक्युमेंट डॉट फॉन्ट्स डॉट रेडी (फॉन्ट तयार झाल्याचा ब्राउझरचा संकेत) पूर्ण होईपर्यंत थांबणे, ओळीची उंची स्टाइलशीटमध्ये स्पष्ट लिहिणे, चित्रांना रुंदी-उंचीची मापे देणे आणि त्यांच्यावरचे लोडिंग: लेझी (गरज पडेल तेव्हाच चित्र आणणे) काढणे, एवढ्याने पानांची संख्या स्थिर झाली.

तपासण्याची पद्धत

पेज ब्रेकचा दोष योगायोगाने दिसतो. अहवालात एक रो कमी असली तर तो दिसतच नाही. म्हणून नमुन्याचा एक अहवाल पाहून काम झाले असे मानणे धोक्याचे होते. त्याऐवजी एकाच तक्त्यात एकेक रो वाढवत अहवालांची मालिका तयार केली, एका पानात मावणाऱ्या रोंच्या संख्येपासून तिच्या दुपटीपर्यंत. अशी मालिका घेतली की एकूण रो, लांब शेरा आणि नवीन यंत्राचे हेडर यांपैकी प्रत्येक गोष्ट कधी ना कधी पानाच्या नेमक्या कडेवर येतेच. मालिकेची दुसरी प्रत लांब शेऱ्याची जागा बदलत काढली.

इतकी पाने डोळ्यांनी पाहणे शक्य नाही. पॉपलर या पीडीएफ-साधनांच्या संचातील पीडीएफटूटेक्स्ट हे साधन मजकूर बाहेर काढते आणि प्रत्येक पानानंतर फॉर्म-फीड (नवे पान दाखवणारे) चिन्ह घालते, त्यामुळे मजकूर पानागणिक वेगळा करता येतो. लहानशा कार्यक्रमाने तीन गोष्टी पडताळल्या: तक्त्याचा मजकूर असलेल्या प्रत्येक पानावर यंत्राचे नाव आहे का, प्रत्येक नोंदीचा क्रमांक संपूर्ण अहवालात एकदाच येतो का, आणि एकूण रो असलेल्या पानावर निदान दोन नोंदी आहेत का. तुटलेल्या रेघा आणि कोऱ्या जागा मजकुरातून कळत नाहीत. त्यांच्यासाठी पाने पीडीएफटूपीपीएमने चित्ररूपात काढून निवडक पाने डोळ्यांखालून घातली. क्रोमियमची आवृत्ती बदलायची झाली की आधी ही मालिका चालवायची, असा नियम झाला आहे, आणि आवृत्ती आपोआप वाढू नये म्हणून ती कंटेनरमध्ये निश्चित करून ठेवलेली आहे.

जे राहिले

एक मागणी पूर्ण होऊ शकली नाही. तक्ता पुढच्या पानावर जात असेल तर पानाच्या तळाशी 'पुढे चालू' आणि पुढच्या हेडरमध्ये यंत्राच्या नावापुढे 'मागील पानावरून' असे छापले जावे, अशी सही करणाऱ्यांची इच्छा होती. क्रोमियममध्ये पुन्हा छापले जाणारे हेडर पहिल्या हेडरची हुबेहूब प्रत असते. पहिल्या वेळी एक मजकूर आणि नंतर दुसरा, असे सीएसएसने सांगता येत नाही. छपाईसाठीच बनवलेल्या प्रिन्ससारख्या रूपांतरकात पुढच्या पानांपुरते वेगळे शीर्षक देण्याची सोय आहे, पण केवळ तेवढ्यासाठी साधन पुन्हा बदलावे असे कोणालाच वाटले नाही. त्याऐवजी प्रत्येक यंत्राच्या नावापुढे त्याच्या एकूण नोंदींची संख्या छापायचे ठरले. हेडर प्रत्येक पानावर येत असल्याने हातात कोणतेही पान असले तरी त्यावरचे नोंदीचे क्रमांक त्या संख्येशी ताडून आधीची किंवा पुढची पाने आहेत की नाहीत हे वाचणाऱ्याला कळते, आणि सध्या अहवाल याच रूपात छापला जातो.